विटेचा कप्पा

"साडू, काढ ती वीट. आज मस्करी नको."

ट्रक म्हणतात तो माणूस कारखान्याच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसला होता. बसला कसला, बसकण मारली होती. पाठीवरची बॅग उतरवायचंही त्राण नव्हतं, म्हणून ती तशीच ठेवून भिंतीला रेलला होता. वर तिसऱ्या मजल्यावर मॅनेजर नव्या यंत्राला फडकं मारून वाट बघत होता, आणि इथे हे सहा फुटी धूड जिन्यात गळपटलं होतं.

त्याचा साडू विंचू चार पायऱ्या वर, ट्रायपॉड खांद्यावर टाकून उभा. नेहमीसारखं हसायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वीट त्याच्याकडे नव्हती.

हे दोघे साडू. सख्ख्या बहिणींचे नवरे आणि एकाच फोटो स्टुडिओचे अर्धे अर्धे मालक. शाळांचे ग्रुप फोटो, कारखान्यांची यंत्रं, विकायला काढलेल्या घरांच्या रिकाम्या खोल्या, समोर येईल ते टिपायचं. थोरलीचा नवरा तो ट्रक. दोन बॅगा, लाइटचे स्टँड आणि वर काखेत शिडी, असा एकटा चार माळे चढून जायचा आणि वर पोचल्यावर विचारायचा, "बाकीचं कुठाय?" धाकटीचा नवरा तो विंचू. नांगी कधी मारेल, नेम नाही. पासपोर्ट फोटोला घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी डोळे मिटलेल्या फोटोंचं पाकीट द्यायचं, तो लालबुंद झाला की दुसऱ्या खिशातून खरं काढायचं, हा त्याचा रोजचा विरंगुळा. पन्नाशी आली तरी खोड गेली नव्हती. जित्याची खोड, दुसरं काय.

आणि वीट ही दोघांची जुनी भानगड. धंदा सुरू केला त्या वर्षी विंचवाने ट्रकच्या बॅगेत, लेन्सच्या कप्प्यात, पिवळ्या फडक्यात गुंडाळून एक वीट सरकवली. ट्रकने ती दिवसभर वाहिली आणि संध्याकाळी लेन्स समजून उलगडली. त्याने शिवी दिली नाही. वीट घरी नेली, पंधरा दिवस गप्प बसला, आणि विंचवाच्या बॅगेत घातली. तिथपासून नियम पडला. ज्याच्याकडे वीट, त्याची पाळी. त्याने ती समोरच्याच्या बॅगेत घालायची. समोरच्याने कळेपर्यंत वाहायची, कळली की ती त्याची. कोपरा उडालेली, एका बाजूला शेंदरी रंग खरवडलेली ती वीट दोघांनी मिळून इतकी वाहिली होती, की तेवढ्यात एक खोली बांधून झाली असती.

"नाही रे टाकलेली," विंचू म्हणाला. "खरंच."

"तुझं खरंच मला माहीत आहे."

"आईशप्पथ. वीट घरी आहे. वॉशिंग मशीन नाचतं म्हणून तुझ्या मेव्हणीने त्याच्या पायाखाली घातलीय."

ट्रकने त्याच्याकडे बघितलं. मग बॅग कशीबशी पुढे ओढली, आणि जिन्याच्या पायरीवर एकेक वस्तू काढून ठेवली. कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, वायरचं भेंडोळं. कप्पा उलटा करून झटकला. खाली धूळ पडली.

"मग बॅगच भंगार झालीय," तो म्हणाला. "पट्टे बसलेत. सगळं वजन उजव्या खांद्यावर येतं. नवी घेऊ."

"घेऊ की," विंचू म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण अगदी ओठावर आली होती. एरवी त्याने ती सोडली नसती. पण आज ती त्याने गिळली, आणि का, ते फक्त त्यालाच माहीत होतं.

झालं होतं असं. उन्हाळ्यात एका शाळेच्या पटांगणात ट्रक असाच थांबला होता. "टाकलीस ना वीट, हरामखोरा?" म्हणाला होता. विंचवाने टाकली नव्हती. पाळी त्याचीच होती, पण वीट अजून त्याच्याच बॅगेत, संधीची वाट बघत पडली होती. पण समोर गिऱ्हाईक स्वतःहून फसलेलं, अशा वेळी खरं बोलायचं म्हणजे आयतं ताट लाथाडायचं. विंचवाने पाठ फिरवून ट्रकच्या बॅगेत हात घातला, हातचलाखीने आपली वीट त्यातूनच काढल्यासारखी काढली आणि दात काढले. ट्रकही हसला. वीट ताब्यात घ्यायला त्याने हात पुढे केला, तर विंचू म्हणाला, "असू दे, तू दमलास, आजची सूट." ट्रकने बॅग पाठीवर टाकली आणि म्हणाला, "बघ, लगेच हलकी झाली." दम खाल्ल्यावर कुणालाही हलकी वाटते. ट्रकला वाटलं, वीट निघाली म्हणून.

त्यानंतर हेच सुरू झालं. ट्रक थांबायचा, वीट म्हणायचा, विंचू ती काढून दाखवायचा आणि सूट देऊन आपल्याकडेच ठेवायचा. काही न करता श्रेय मिळत होतं, आयत्या बिळावर नागोबा. पावसाळा सरला, थंडी आली. ट्रकचं थांबणं वाढत गेलं तसं विंचवाचं हसणं वाढत गेलं, आणि एकदाही, एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही की वीट माझ्याकडे आहे तर मग याला जड काय लागतंय.

आज वॉशिंग मशीनमुळे वीट हाताशी नव्हती, म्हणून ते डोक्यात आलं.

त्या दिवशी यंत्राचे फोटो विंचवाने काढले. ट्रक लाइटजवळ उभा राहिला आणि डाव्या हाताने स्टँड धरून होता.

बॅगांचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. छताला वटवाघळांसारख्या बॅगा लटकलेल्या, आणि त्यांच्या खाली बॅगवाला. तोंडाने चालू, मनाने साफ. त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाचं सामान विचारायचं, तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पुरचुंड्या बॅगेत भरायच्या, आणि बॅग पाठीवर चढवून गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायला लावायचं.

"दुकानात सगळ्याच आवडतात," तो म्हणायचा. "खरी काय ती टोकाला कळते. लग्नासारखं आहे साहेब."

ट्रकने पहिली चढवली. रुंद पट्टे, जाड गादी. अर्ध्या गल्लीतून परत आला. "पट्टे कापतात."

दुसरीला कमरेचा पट्टा होता, वजन कमरेवर घेणारा. "कंबर आवळते."

तिसरी एका खांद्यावरून तिरकी घ्यायची. ती त्याने उजव्या खांद्यावर घेतली, ती घसरली, परत घेतली, परत घसरली.

"साहेब," बॅगवाला म्हणाला, "बॅग बघताय की जावई? एवढ्यात माझी पोरगी दिली असती मी."

"चाकांची दाखव ना याला," विंचू म्हणाला. "हँडल धरायचं आणि ओढायचं. कुत्रं फिरवल्यासारखं."

"चाकांची पेन्शनवाले ओढतात," ट्रक म्हणाला. "ज्या दिवशी माझी बॅग जमिनीवरून चालेल, त्या दिवशी स्टुडिओला कुलूप लाव."

हे तो हसत म्हणाला, पण विंचवाला माहीत होतं, ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. ट्रकला फोटोतलं विंचवाएवढं कळत नव्हतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. ट्रकचं म्हणणं असायचं, तू बघ, मी नेतो. नेणंच गेलं तर त्याच्या हातात दुसरं काही राहत नव्हतं.

ट्रक छातीवरचं बकल सोडवत होता. उजव्या हाताचा अंगठा बकलवर होता, पण दाबलं जात नव्हतं. शेवटी त्याने डाव्या हाताने सोडवलं, आणि कुणी बघितलं का म्हणून वर पाहिलं. विंचवाने नजर छताकडे नेली. शर्टाच्या आत उजव्या खांद्याचं हाड खुंटीसारखं वर आलं होतं. डावीकडे तसं नव्हतं. असा खांदा रोज शेजारी असून विंचवाला आजवर दिसला नव्हता, आणि म्हणे हा फोटोग्राफर.

मग विंचवाने जे केलं ते मस्करी म्हणून केलं की आणखी कशासाठी, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. कोपऱ्यात एक नवी कोरी बॅग होती. नव्या बॅगांचा आकार बसू नये म्हणून आत कागदाचे बोळे कोंबलेले असतात. तिच्यातही नुसते कागद होते. विंचवाने बॅगवाल्याला डोळा मारला. बॅगवालाही वस्ताद, लगेच समजला. बॅग उचलताना त्याने कण्हून दाखवलं, दोन्ही हातांनी पेलत आणली, आणि ट्रकच्या पाठीवर चढवली.

"पूर्ण सामान भरलंय बरं का," तो म्हणाला. "सांभाळून."

ट्रक दारापर्यंत गेला. उंबऱ्याशी थांबला. खांदे एकदा वर केले, एकदा खाली. उजवा वर जातच नव्हता.

"ही बरी आहे," तो म्हणाला. "पण थोडं सामान कमी करा. उजवीकडे ओढतेय."

बॅगवाला खो खो हसत सुटला. काउंटर थोपटून हसला. मग त्याचं लक्ष विंचवाकडे गेलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

ट्रकने बॅग उतरवली. चेन उघडली. कागदाचे बोळे दुकानभर घरंगळले. त्याने ते सगळे काढले, एकूण एक, आणि मग रिकाम्या बॅगेच्या तळाशी हात घालून चाचपत राहिला.

"वीट कुठाय?" त्याने विचारलं.

बॅगवाल्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं. ट्रक बसला नाही.

डॉक्टरकडे न्यायला मग फार ओढाताण करावी लागली नाही. थोरलीही आली. रिक्षातून उतरताना तिने ट्रकच्या मनगटाचं बटण लावलं. विंचवाने बघितलं, तर ती म्हणाली, "कधीपासून मीच लावते, भाऊजी. म्हटलं, लाडात आलाय म्हातारा."

डॉक्टरणीने ट्रकला हात वर करायला लावला, बोटं आवळायला लावली, छोट्या हातोडीने कोपरावर ठोकलं. मानेचे फोटो काढून आणायला सांगितले. ते घेऊन परत गेल्यावर तिने ते उजेडाच्या पाटीवर लावले. ट्रकने सवयीने मान तिरकी करून फोटो कसा आलाय ते पाहिलं.

"मणक्यात गाठ आहे," ती म्हणाली. "हाताकडे जाणारी नस तिच्याखाली दबलीय. कधीपासून जड वाटतंय?"

"मागच्या आठवड्यापासून," ट्रक म्हणाला. "कारखान्यात पहिल्यांदा जाणवलं."

डॉक्टरणीने त्याचा उजवा पंजा हातात घेतला. अंगठ्याजवळचा फुगीर भाग सपाट झाला होता. "हे आठवड्यात होत नाही. नीट आठवून सांगा. ऑपरेशन लगेच करायचं की थांबून बघायचं, ते त्यावर ठरणार आहे."

"त्याआधी काही नव्हतं," ट्रक म्हणाला. "म्हणजे थांबायचो मधे मधे, पण ते वजनामुळे. हा माझा साडू बॅगेत वीट टाकतो. विचारा त्याला. फार हलकट माणूस आहे." आणि तो हसला. इथेही, या खोलीत, त्याला विटेची गोष्ट सांगायला आवडली होती.

थोरलीने कपाळाला हात लावला. डॉक्टरणीने विंचवाकडे बघितलं.

मूग गिळून बसता आलं असतं. ट्रकने दार स्वतःच लावून दिलं होतं, कडी तेवढी घालायची होती. पण पंजा अजून डॉक्टरणीच्या हातात होता, उघडा, मेलेल्या पाखरासारखा.

"उन्हाळ्यापासून," विंचू म्हणाला. "उन्हाळ्यापासून थांबतोय तो. मी वीट टाकत नव्हतो. एकदाही टाकली नाही. ती माझ्याच बॅगेत असायची. हा म्हणायचा, टाकलीस, आणि मी काढून दाखवायचो."

"का?" डॉक्टरणीने विचारलं.

विंचू उजेडाच्या पाटीवरचे फोटो बघत राहिला.

डॉक्टरणीने लिहून घेतलं. ऑपरेशन लगेच करू म्हणाली. थोरली पदराशी चाळा करत खिडकीबाहेर बघत होती. ट्रक फक्त विंचवाकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता. बेरीज चुकल्यावर माणूस परत वरपासून मोजतो, तसं तो एकेक जिना, एकेक पटांगण परत मोजत होता.

बाहेर बाकावर तो म्हणाला, "म्हणजे मी सांगत होतो, आणि तू हसत होतास."

"हो."

"मी पण हसत होतो रे," ट्रक म्हणाला.

त्यानंतर ऑपरेशनपर्यंत तो विंचवाशी बोलला नाही.

गाठ निघाली. आणखी उशीर केला असता तर गाठ मज्जारज्जूवर दाबून पायही गेले असते, ते वाचले, असं डॉक्टरणीने सांगितलं. हाताबद्दल तिने आशेचं काही सांगितलं नाही. आधी आला असतात तर, एवढं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं. ते वाक्य विंचू घरी घेऊन आला आणि त्याला कुठे ठेवावं ते कळेना.

घरी येऊन त्याने वॉशिंग मशीन तिरकं केलं आणि वीट काढली. धाकटी ओरडली, "आता काय नवीन?" मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मशीनच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

त्याने वीट धुतली, पिवळ्या फडक्यात गुंडाळली आणि ट्रकच्या पलंगाशी नेऊन ठेवली. गळ्यात पट्टा घातलेला ट्रक उशीला टेकून बसला होता.

"पाळी तुझी," विंचू म्हणाला.

नियम दोघांना माहीत होता. ज्याच्याकडे वीट, त्याची पाळी. डाव्या हाताने उचलता येते, डाव्या हाताने घालता येते. ती ज्या दिवशी परत बॅगेत येईल, त्या दिवशी काय ते समजायचं. यापेक्षा वेगळी माफी मागायला विंचवाला येत नव्हती.

ट्रकने विटेकडे पाहिलं आणि थोरलीला हाक मारली. "अगं, हे दार वाऱ्याने आपटतंय कधीचं. ही लाव त्याला."

तिने लावली. दार आपटायचं थांबलं.

"बॅग घेतलीस का?" ट्रकने विचारलं.

"नाही अजून."

"शाळांचे फोटो तोंडावर आलेत. चाकांची घे," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

विंचू एकटाच दुकानात गेला. बॅगवाल्याने विनोद केला नाही. चाकांच्या होत्या तेवढ्या ओळीत मांडल्या. विंचवाने एक निवडली. खाली चाकं, वर लांब दांडा, आणि जिना आला तर पाठीवर घ्यायला आत दडवलेले पट्टे. ती त्याने उघडली. आत फोमच्या पडद्यांचे कप्पे होते, आणि उजव्या कडेला एक लांबट, खोल कप्पा. विंचवाने त्यात वीत घालून तो मापला.

"तो मोठ्या लेन्ससाठी," बॅगवाला म्हणाला. "तुमच्याकडे एवढी लेन्स नाही. मधे पडदा टाकून दोन करून देतो."

"नको. एकच राहू दे."

"रिकामा ठेवलात तर आतलं सामान हलतं, साहेब."

"हलू दे."

बॅगवाल्याने वाळूच्या पुरचुंड्या भरल्या आणि बॅग पुढे केली. विंचू ती पाठीवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग परत आला आणि म्हणाला, "हीच."

बॅग ट्रकच्या घरी असते. तसं ट्रकनेच ठरवलं. कामाच्या दिवशी सकाळी तो ती स्वतः भरतो, डाव्या हाताने, सावकाश. थोरलीला हात लावू देत नाही. मग शाळेच्या फाटकापर्यंत ओढतही तोच नेतो, चाकं फरशीवर खडखडतात, आणि पटांगणात तो खुर्चीवर बसून पोरांच्या रांगा लावतो. "मागचा उंच, हनुवटी खाली. चष्मेवाली, पुढे ये. हसायला पैसे पडत नाहीत." आवाज अजून ट्रकचा आहे. पोरं हसतात. उजवा हात मांडीवर असतो, तिथेच असतो.

विंचवाशी तो बोलतो. उजेडाबद्दल, बॅटरीबद्दल, पुढच्या शाळेच्या वेळेबद्दल. बाकी नाही.

काही शाळांत ग्रुप फोटो गच्चीवर असतो. मग विंचू दांडा आत ढकलतो, पट्टे बाहेर काढतो आणि बॅग पाठीवर घेतो. ट्रक त्याच्या मागून, कठड्याला धरून चढतो. मधल्या वळणावर विंचू थांबतो. पन्नाशी पुरी झालीय, त्यालाही धाप लागते. पण तो थांबतो तो धापेसाठी नाही. खांद्यावरचं वजन तो मनातल्या मनात तोलत असतो. आज थोडं जास्त आहे का. उजवीकडे ओढतेय का.

"काय झालं?" खालून ट्रक विचारतो.

"काही नाही. दम खातोय."

"जड आहे?"

त्या आवाजात नांगी आहे का, हे विंचू कान देऊन ऐकतो.

"आहे," तो म्हणतो.

"चल मग. पोरं उन्हात उभी आहेत."

गच्चीवर पोचल्यावर विंचू पाठ फिरवून बॅग उघडतो आणि सगळ्यात आधी उजवीकडच्या कप्प्यात हात घालतो. आतापर्यंत दरवेळी फोमच लागलाय. कडा अजून करकरीत आहेत, तळाशी थोडी धूळ बसलीय. मग तो कॅमेरा काढतो, लेन्स लावतो, आणि ट्रक रांगा लावून होईपर्यंत उभा राहतो.